प्रमाण कमी आहे, मग लस कशाला?

ताई, ठेवीची मुदत संपून रक्कम हातात आली आहे. त्यातून बारा वर्षांच्या लेकीला एचपीव्हीची, म्हणजे गर्भाशयमुखाचा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूची, लस द्यावी, की स्वतःसाठी कॅन्सर पॉलिसीचा पहिला हप्ता भरावा, असं तुम्ही विचारलंय. यजमानांचं म्हणणं, ‘आपल्या भागात या विषाणूचं प्रमाण कमी आहे, लस राहू दे.’

माझं मत सरळ आहे: आधी लस, मग तुमची स्वतःची तपासणी, पॉलिसी त्यानंतर.

त्या ‘प्रमाणा’वर मात्र विसंबू नका. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक आढाव्यात, गर्भाशयमुखाच्या पेशींची तपासणी निर्दोष आलेल्या बायकांपैकी 11.7 टक्के जणींत एचपीव्ही सापडला होता. सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत 24 टक्के, दक्षिण आशियात जेमतेम 7. तरीही दक्षिण आशियात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने दरवर्षी हजारो बायका दगावतात. विषाणू बहुतेकींच्या शरीरातून वर्ष-दोन वर्षांत आपणहून जातो. जिच्यात तो ठाण मांडून बसतो, तिला कर्करोग व्हायला साधारण 15 ते 20 वर्षं लागतात. एवढ्या काळात नियमित तपासणी झाली तर तो आधीच पकडता येतो, नाही झाली तर उशीर होतो. म्हणून 2022 मध्ये जगभरात या कर्करोगाने झालेल्या सुमारे साडेतीन लाख मृत्यूंपैकी 94 टक्के कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत झाले, जिथे अशी तपासणी कमी होते. भागाच्या टक्केवारीवरून तुमच्या लेकीचा धोका ठरत नाही.

लसीचं वय निघून जातं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. विषाणूशी संबंध येण्याआधी घेतली तरच तिचा पुरेपूर उपयोग. इंग्लंडमध्ये 12-13 व्या वर्षी लस मिळालेल्या मुलींत हा कर्करोग 87 टक्क्यांनी कमी आढळला. 9 ते 14 वयात एक डोसही चालतो, असं जागतिक आरोग्य संघटना 2022 पासून सांगते, तेव्हा किती डोस द्यायचे ते डॉक्टरांना विचारा. सरकारी मोहिमेत किंवा शाळेत लस मोफत मिळते का, हेही आधी पाहा. मिळाली तर ही सगळी रक्कम वाचली.

तुम्ही एक्केचाळीसच्या. तुम्हाला लसीपेक्षा एचपीव्ही चाचणीचा उपयोग जास्त. ती निर्दोष आली की पुढची साधारण पाच ते दहा वर्षांनी.

पॉलिसी वाईट नाही, पण ती आजार झाल्यावर पैसे देते. तुम्ही पाठवलेल्या माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत लिहिलंय की कर्करोगपूर्व अवस्थेसाठी भरपाई नाही. तपासणीत सापडतं ते नेमकं हेच! शिवाय प्रतीक्षा काळ आहे, म्हणजे सुरुवातीचा काही काळ भरपाई मिळत नाही, आणि हप्ता दरवर्षी भरायचा आहे.

चाचणीत काही निघालं तर पॉलिसी मिळणार नाही, अशी भीती तुम्ही लिहिली आहे. अर्जात ते सांगावं लागेल, हप्ता वाढेल किंवा नकारही येईल, हे खरं. तरी त्यासाठी चाचणी पुढे ढकलू नका आणि अर्जात काही लपवूही नका. लपवलेलं उघड झालं तर ऐन गरजेच्या वेळी दावा फेटाळला जाईल. या महिन्यात दोघींची वेळ घ्या, अहवाल आला की मला कळवा. हप्त्याचं गणित तेव्हा मांडू.