रॅमसेचा आरडाओरडा योग्य का?

प्रश्न: ताई, आमच्याकडे रात्री जेवताना गॉर्डन रॅमसेवरून, म्हणजे टीव्हीवर स्वयंपाक्यांवर ओरडणाऱ्या त्या ब्रिटिश शेफवरून, वाद ठरलेला. मुलगा हॉटेल मॅनेजमेंटला आहे, तो म्हणतो शिव्या घातल्याशिवाय किचन चालतच नाही, सासूबाई म्हणतात अन्नासमोर असं बोलणाऱ्याच्या हातचं पाणीही पिऊ नये. तुम्हाला काय वाटतं? – एक वाचक, दादर

उत्तर: मी सासूबाईंच्या बाजूने. माणसाचं काम मोठं आहे हो, लंडनचं त्याचं रेस्टॉरंट १९९८ला सुरू झालं आणि २००१पासून तीन मिशेलिन स्टार (रेस्टॉरंटला मिळणारा सर्वांत वरचा दर्जा) टिकवून आहे, ते नुसतं ओरडून होत नाही. कच्चं चिकन गिऱ्हाइकाच्या ताटात निघालं तर आवाज चढणारच, तेवढं पटतं. पण त्यालाच ‘मास्टरशेफ ज्युनिअर’ या मुलांच्या स्वयंपाक स्पर्धेच्या शोमध्ये बघा, लहान पोरांशी किती मऊ बोलतो! म्हणजे राग आवरता येतो त्याला, मोठ्यांसमोर आवरत नाही एवढंच, आणि टीव्हीवाल्यांना तेच हवं असतं. मुलाला सांगा, प्रत्येक प्लेट बाहेर जायच्या आधी तपासायची हे त्याच्याकडून घे, शिव्या नको. आणि ट्रेनिंगला कुणी शेफ आईबहिणीवरून बोलला तर गप्प बसू नकोस, कॉलेजला लेखी कळव, हेही सांगाच.