शेवगा छपराच्या वर गेला, छाटू का?

प्रश्न (कुडाळ तालुक्यातील एका शेतकरी भगिनीचा): परसातला शेवगा वीस फूट वाढलाय. शेंगांना हात पुरत नाही, मुलगा चढायला बघतो. छाटला तर मरेल का? आणि पाल्याची पावडर घेतली की शुगरची गोळी बंद करता येते असं मोबाइलवर आलंय, ते खरं का?

उत्तर: ताई, आधी मुलाला खाली उतरवा. शेवग्याचं लाकूड भेंडासारखं, मनगटाएवढी फांदीही कडकन मोडते. शेवगा घराजवळ नको असं जुनी माणसं म्हणतात, त्यामागे ही फांदी आणि केसाळ अळी, दोन्ही असाव्यात.

छाटल्यानं तो मरत नाही. शेंगा संपल्या की, पावसाआधी, जमिनीपासून तीन-चार फुटांवर कापा. कोयत्यानं बुंधा चिरतो, म्हणून करवत घ्या आणि काप तिरका ठेवा, म्हणजे त्यावर पाणी थांबणार नाही. कापावर बोर्डो पेस्ट (बुरशी रोखणारा लेप) लावा: 100 ग्रॅम मोरचूद आणि 100 ग्रॅम कळीचा चुना प्लॅस्टिकच्या भांड्यांत वेगवेगळे भिजवून एक लिटर पाण्यात एकत्र करायचे. फुटव्यांपैकी बाहेरच्या बाजूचे चार-पाच ठेवा, दोन-अडीच फूट झाले की शेंडा खुडा. बुंध्याला मातीची भर द्या. पाणी साचलं की मुळं कुजतात.

हा फुटवा गोकुळाष्टमीला बरोबर हाताशी येतो. आंबोळ्या, काळ्या वाटाण्याचं सांबार आणि शेगलाची (शेवग्याच्या पाल्याची) भाजी, तुम्हाला मी काय सांगणार! डहाळ्या रात्री फडक्यात बांधून ठेवा, सकाळी पानं आपोआप गळतात, निवडत बसावं लागत नाही. फक्त झाड ओरबाडू नका. दसऱ्यानंतर पाला काढणं थांबवा, कारण पुढे थंडीत त्याला फुलावर यायचं असतं.

बुंध्यावर केसाळ अळ्यांचा पुंजका दिसला तर हात लावू नका, अंगाला खाज सुटते. सकाळीच मशालीनं जाळा. पाला खायचा असेल त्या झाडावर रासायनिक फवारणी नको.

आता पावडर. पाल्यात लोह, कॅल्शियम, प्रथिनं आणि अ जीवनसत्त्व भरपूर, भाजीवर लिंबू पिळलं तर लोह अंगी अधिक लागतं. पण गोळी बंद करू नका. पावडरनं साखर थोडी उतरू शकते, त्यात गोळीही चालू असेल तर ती फार खाली जायची भीती. तेव्हा पावडर सुरू करायच्या आधी डॉक्टरांना विचारा. गरोदर बाईला मूळ किंवा साल अजिबात देऊ नका. घरी पावडर करायचीच तर पाला धुऊन सावलीत वाळवा, उन्हात त्याचा रंगही जातो आणि कसही.

छाटलेल्या फांद्या टाकू नका. अंगठ्यापेक्षा जाड, तीन-चार फुटांचे तुकडे करून पहिल्या पावसात बांधावर लावा. बियाण्यापासून नवी लागवड करायची तर पीकेएम-1 ही जात सहा ते आठ महिन्यांत शेंगा देते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची कोकण रुचिरा ही जातही आपल्याकडे चालते.