एमएमएची पहिली रात्र पाहणाऱ्यास

बेळगावच्या आनंदवाडी आखाड्यात कुस्त्या पाहत तुम्ही वाढलात, ही जमेची बाजू आहे. मात्र तीच नजर सुरुवातीला तुमची फसगत करील. आपल्या मातीत पाठ टेकली की कुस्ती संपते, तर एमएमएमध्ये (मिक्स्ड मार्शल आर्ट्स, म्हणजे ठोसे, लाथा आणि कुस्तीच्या पकडी असे सारे चालणारी लढत) पाठीवर पडलेला खेळाडू खालूनच गळा आवळून किंवा कोपराचा सांधा ताणून प्रतिस्पर्ध्याला शरण आणू शकतो. त्यामुळे कोणी खाली गेला म्हणून हळहळू नका. त्याचे पाय कोठे गुंतले आहेत, ते पाहा.

दुसरी चूक गुणांची. लढत साधारणतः 5 मिनिटांच्या 3 फेऱ्यांची, तर अजिंक्यपदाची 5 फेऱ्यांची असते आणि तीन पंच प्रत्येक फेरीचे गुण स्वतंत्रपणे, बहुधा 10-9 असे (फेरी जिंकणाऱ्यास 10, हरणाऱ्यास 9) देतात. म्हणून केवळ शेवटची फेरी गाजवणारा हरला, तर लगेच पंचांवर खापर फोडू नये. (मी वर्षानुवर्षे फोडत असे.) भारताच्या पूजा तोमर यांनी 2024 मध्ये यूएफसी या एमएमए लढती भरवणाऱ्या अमेरिकी संस्थेत मिळवलेला विजय पंचांच्या विभागलेल्या निर्णयाचाच (दोन पंच एकीकडे, एक दुसरीकडे) होता. ती लढत स्वतः गुण मांडत पाहा.

अमेरिकेतील लढती आपल्याकडे बहुधा रविवारी सकाळी दिसतात. सगळ्या पाहण्याचा हट्ट नको, शेवटच्या दोन-तीन पुरेत. आर्मबार, किमुरा ही डावांची नावे इतक्यात पाठ करू नका.