टायटॅनियम अ‍ॅल्युमिनाइडचं एजिंग सुरू करताय? आधी हे वाचा

एजिंग म्हणजे सॅम्पल बराच काळ तापवून ठेवणं. एक सांगतो, पहिल्याच दिवशी हजार तासांचं सॅम्पल फर्नेसमध्ये टाकू नका, आधी मूळ स्ट्रक्चरचे नीट फोटो काढून ठेवा नाहीतर नंतर तुलना कशाशी करणार (मी हीच चूक केली होती, सगळं परत करावं लागलं). या अलॉयमध्ये गॅमा आणि अल्फा-2 (टायटॅनियम-अ‍ॅल्युमिनियमचे दोन फेज, म्हणजे वेगळ्या स्फटिकरचना) यांच्या पातळ पट्ट्या एकावर एक असतात ना, त्या दिसायला शांत वाटतात पण कूलिंग झाल्यावर अल्फा-2 समतोलापेक्षा जास्तच उरलेला असतो, म्हणून 700-800 अंश सेल्सिअसला बरेच तास ठेवलं की तो हळूहळू विरघळून गॅमा होतो, पट्ट्या बारीक होतात, मधेच तुटतात. नायोबियम-मॉलिब्डेनमवाल्या अलॉयमध्ये बीटा-शून्य या तिसऱ्या फेजचे दाणेसुद्धा उगवतात.

एसईएममध्ये (स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप) बॅकस्कॅटर (परत उसळलेल्या इलेक्ट्रॉनवरून चित्र) लावा, एचिंग (रसायनाने पृष्ठभाग खरवडणं) नकोच, अल्फा-2 उजळ दिसतो, गॅमा काळपट आणि बीटा-शून्य सगळ्यात पांढरा. कॉलनीच्या (एकाच दिशेच्या पट्ट्यांचा गट) कडा आधी बघा, बिघाड बहुतेक तिथूनच सुरू होतो. आणि हो, पृष्ठभागावरून निष्कर्ष काढू नका, तिथे ऑक्सिजन घुसलेला असतो, मधून कापूनच बघा.