नाळेतलं रक्त साठवायचं का?

प्रश्न : मला सातवा महिना चालू आहे. घोडबंदर रोडवरच्या आमच्या हॉस्पिटलमध्ये गर्भसंस्काराच्या वर्गाला एका खासगी कॉर्ड ब्लड बँकेच्या बाई आल्या होत्या. ‘बाळाला पुढे थॅलेसेमिया किंवा ब्लड कॅन्सर झाला तर त्याचंच रक्त त्याला वाचवेल,’ असं त्या म्हणाल्या. पैसे हप्त्यांनी भरता येतात. सासूबाई म्हणतात, बाळासाठी एवढं करूच. काय करावं?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : नाळेतल्या रक्तात नवं रक्त तयार करणाऱ्या मूळपेशी असतात, म्हणून ते साठवतात. घरात सध्या अशा पेशींच्या रोपणाची गरज असलेलं कोणी नसेल, तर हा खर्च करू नका. सासूबाईंची माया खरी आहे, पण त्यांना सांगितलेली माहिती चुकीची आहे. थॅलेसेमियात शरीर पुरेसं हिमोग्लोबिन बनवू शकत नाही. हा दोष जनुकात असतो, म्हणजे तो नाळेतल्या रक्तातही असणारच. तेच रक्त परत देऊन आजार कसा जाईल? लहानपणीच्या ब्लड कॅन्सरचं बीजही काही वेळा जन्माआधीच रक्तात असतं, म्हणून तिथेही डॉक्टर मुलाचं स्वतःचं नाळेतलं रक्त टाळतात. १९८८ साली पॅरिसमध्ये असं पहिलं रोपण झालं, तेव्हा फॅन्कोनी अ‍ॅनिमिया हा आनुवंशिक रक्ताचा आजार झालेल्या मुलाला दिलेलं रक्त त्याच्या नवजात बहिणीच्या नाळेतलं होतं.

शिवाय हे रक्त पुरतही नाही. एका नाळेतून साधारण ५० ते १५० मिली निघतं. रोपणाला वजनाच्या दर किलोमागे किमान अडीच कोटी पेशी लागतात. २० किलोच्या मुलाला ५० कोटी, ६० किलोच्या माणसाला १५० कोटी. मोठ्या माणसाला पुरतील एवढ्या पेशी बहुतेक पिशव्यांत नसतात. आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स, दोघेही ‘पुढे लागेल’ म्हणून खासगी बँकेत रक्त ठेवण्याची शिफारस करत नाहीत.

त्याऐवजी आपली फाइल उघडून बघा. हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी एचपीएलसी तपासणी झाली आहे का? त्यातला एचबीए२ हा प्रकार साडेतीन टक्क्यांच्या वर असेल, तर आपण थॅलेसेमिया मायनर, म्हणजे स्वतः आजारी नसलेल्या वाहक, असू शकता. मग मिस्टरांची तपासणी त्याच आठवड्यात करून घ्या. दोघंही मायनर असाल तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला मेजर, म्हणजे नियमित रक्त चढवावं लागणारा थॅलेसेमिया, होण्याची शक्यता २५ टक्के असते. लोह फार कमी असेल तर एचबीए२ खोटं कमी दिसतं, त्यामुळे रिपोर्ट फेरिटिनच्या (शरीरातल्या लोहाच्या साठ्याच्या) तपासणीसोबत डॉक्टरांना दाखवा. सिंधी, लोहाणा, भानुशाली समाजांत प्रमाण जास्त आहे. ‘आम्ही मराठी, आमच्यात नसतं’ असं मात्र म्हणू नका. खरं तर ही तपासणी दुसऱ्या महिन्यातच व्हायला हवी. राहिली असेल तर आता करा.

प्रश्न : आमच्या डॉक्टर नाळ थोडी थांबून कापतात. बँकवाले म्हणतात, लगेच कापली तर पिशवी चांगली भरते. कोणाचं ऐकावं?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : डॉक्टरांचं. बाळ आणि आई ठीक असतील तर किमान एक मिनिट थांबावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्या एक ते तीन मिनिटांत वारेतलं ८० मिलीच्या आसपास रक्त बाळाकडे जातं आणि पहिल्या काही महिन्यांचा लोहाचा साठा बनतं. पिशवीसाठी घाई करायची म्हणजे बाळाच्या वाट्याचं रक्त काढून घ्यायचं.

प्रश्न : मोठ्या मुलाला थॅलेसेमिया मेजर आहे, दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. मी पुन्हा गरोदर आहे. या वेळी नाळेतलं रक्त ठेवावं का?
– एक वाचक, खारघर

उत्तर : हो, तुम्ही जरूर ठेवा. फक्त सुरुवात बँकेपासून नको. ११ ते १४ आठवड्यांत वारेचा नमुना (सीव्हीएस) घेऊन बाळाला मेजर नाही ना, हे आधी पाहा. त्याच नमुन्यावर एचएलए जुळणीही, म्हणजे बाळाच्या पेशी मोठ्या मुलाला चालतील का याची तपासणी, होऊ शकते. सख्ख्या भावंडांत पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. मुलाच्या रोपणाच्या डॉक्टरांना आताच कळवा. कित्येकदा पेशी कमी पडतात, मग ते त्याच भावंडाचा बोन मॅरो सोबत घेतात. जुळणी झाली तर कोल इंडियाच्या थॅलेसेमिया बाल सेवा योजनेत निवडक रुग्णालयांत रोपणासाठी १० लाखांपर्यंत मदत मिळते. अटी रुग्णालयातच विचारा.

बँकेकडे एफडीएचा (अन्न व औषध प्रशासनाचा) परवाना हवा. रक्ताचं प्रमाण, एकूण पेशी, सीडी३४ (म्हणजे मूळपेशींची संख्या), जिवंत पेशींची टक्केवारी आणि जंतुसंसर्गाची तपासणी, एवढं रिपोर्टमध्ये लेखी मिळेल ना, हे सही करण्याआधी विचारा. प्रसूतीच्या वेळी नाळ कापल्यावर नाळेच्या शिरेत सुई घालतात आणि पिशवी खाली धरतात. रक्त आपोआप उतरतं. पिशवी सतत हलवत राहावी लागते, नाहीतर आतलं गोठू न देणारं द्रव्य नीट मिसळत नाही आणि गुठळ्या होतात. किट घरी आलं की फ्रिजमध्ये ठेवू नका, उन्हात उभ्या गाडीत तर नकोच. भरलेली पिशवी ४८ तासांत प्रयोगशाळेत पोहोचायला हवी. रात्री-अपरात्री किंवा सुटीच्या दिवशी प्रसूती झाली तर ती न्यायला कोण येणार, त्याचा फोन नंबर आधीच फाइलवर लिहून ठेवा.