सर्दीची गोळी घेऊनही नाक मोकळं का होत नाही? आणि अमेरिकेत नाकाच्या गोळीसाठी ओळखपत्र का मागतात?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही जिनिंगमध्ये कामाला आहात आणि कपाशीचा हंगाम सुरू झाला की नाक चोंदतं ते चोंदतंच. मेडिकलवरची सर्दीची गोळी घेतली की अंग हलकं होतं, झोप लागते, पण नाक काही उघडत नाही. तुमच्या अमेरिकेतल्या भाच्याला मात्र नाकाच्या गोळीसाठी ओळखपत्र दाखवून सही करावी लागली, आणि ती गोळी लागूही पडली. तुम्हाला बीपी आहे, हेही तुम्ही सांगितलंय. मी फार्मासिस्ट आहे, जळगाव जिल्ह्यात माझं मेडिकल आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमचा अनुभव खरा आहे. आपल्याकडच्या सर्दीच्या बहुतेक गोळ्यांत पॅरासिटामॉल, एक अँटिहिस्टामिन, म्हणजे ॲलर्जीवरचं औषध (बहुधा क्लोरफेनिरामिन किंवा सेटिरिझिन), आणि फेनिलेफ्रिन असतं. काहींत कॅफिनही असतं. अंगदुखी आणि ताप पॅरासिटामॉलने उतरतो, वाहतं नाक अँटिहिस्टामिनने थोडं सुकतं, झोपही त्यानेच येते. नाक मोकळं करायचं काम फेनिलेफ्रिनकडे दिलेलं असतं, आणि तोंडाने घेतल्यावर ते काम त्याच्याकडून होत नाही.

नाक बंद होतं ते फक्त शेंबडामुळे नाही. आतल्या पडद्यातल्या रक्तवाहिन्या फुगतात आणि हवेची वाट अडते, म्हणूनच कितीही शिंकरलं तरी मोकळं वाटत नाही. फेनिलेफ्रिन या वाहिन्या आकसवतं, पण त्यासाठी ते तिथवर पोचायला हवं. गिळलेली गोळी आतड्यातून आणि यकृतातून जाताना त्यातलं जवळजवळ सगळं औषध निकामी होतं. पूर्वी पुस्तकांत ३८ टक्के औषध रक्तात पोचतं असं दिलेलं असायचं. त्या मोजणीत निकामी झालेला भागही धरला होता. कामाचं औषध उरतं ते १ टक्क्याहूनही कमी.

एफडीए म्हणजे अमेरिकेची औषधांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था. तिच्या तज्ज्ञ समितीपुढे सप्टेंबर २०२३ मध्ये हा सगळा पुरावा आला. नेहमीच्या मात्रेत तोंडाने घेतलेलं फेनिलेफ्रिन बंद नाकावर परिणामकारक नाही, असं समितीच्या सोळाही सदस्यांनी मत दिलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये एफडीएने ते विनाचिठ्ठी औषधांच्या यादीतून काढण्याचा प्रस्ताव मांडला. ते धोकादायक आहे म्हणून नव्हे, उपयोगाचं नाही म्हणून.

आता भाच्याची गोळी. ती स्यूडोएफेड्रिनची असणार. हे औषध पोटातून बऱ्यापैकी शाबूत रक्तात जातं आणि नाक खरोखर मोकळं करतं. मग त्यावर एवढा पहारा का? कारण त्यापासून मेथॅम्फेटामिन हा नशेचा पदार्थ बनवता येतो. अमेरिकेत २००६ साली लागू झालेल्या कायद्याने ही गोळी काउंटरच्या मागे गेली. ओळखपत्र, वहीत नोंद, सही, आणि एका माणसाला दिवसाला ३.६ ग्रॅम व ३० दिवसांत ९ ग्रॅमची मर्यादा. ऑरेगॉन राज्याने तर त्यासाठी डॉक्टरची चिठ्ठीच सक्तीची केली होती, ती अट २०२२ मध्ये उठली. मग उघड्या मांडणीवर ठेवता यावं म्हणून कंपन्यांनी स्यूडोएफेड्रिनच्या जागी फेनिलेफ्रिन घातलं. चालणारं औषध कुलपात गेलं आणि न चालणारं हाताशी आलं. मला या सगळ्यात हेच जास्त खटकतं, कारण गिऱ्हाइकाला हा बदल कुणी सांगितलाच नाही.

आपल्याकडे इफेड्रिन आणि स्यूडोएफेड्रिन हे एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली नियंत्रित पदार्थ आहेत. १९९३ चा आदेश होता, २०१३ मध्ये त्याची जागा नव्या आदेशाने घेतली. त्यांचा नशेच्या पदार्थासाठी वापर होईल ही भीती पोकळ नाही. २०१६ मध्ये सोलापुरातल्या एका कारखान्यातून पोलिसांनी कित्येक टन इफेड्रिन पकडलं होतं.

लहान मुलांबाबत आपल्याकडचा नियम मात्र प्रत्येक घरात माहीत असायला हवा. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन एकत्र असलेलं औषध ४ वर्षांखालच्या मुलांना द्यायचं नाही, असं औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये कळवलं आणि तसा इशारा लेबलवर छापायला सांगितला. तरी "भाऊ, पोऱ्यानं नाक बंद शे, सिरप दे" म्हणत माणसं येतातच. तान्ह्या बाळाला सलाइनचे, म्हणजे मिठाच्या पाण्याचे तयार थेंब पुरतात. बाळ दूध ओढत नसेल किंवा श्वास घेताना बरगड्या आत जात असतील तर मेडिकलवर थांबू नका, थेट दवाखाना गाठा.

आता नाकात टाकायच्या थेंबांबद्दल, कारण गोळीने भागत नाही म्हटल्यावर माणूस तिकडेच वळतो. झायलोमेटाझोलिन आणि ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब काम करतात, दहा मिनिटांत नाक उघडतं. आणि तिथेच माणूस अडकतो. सलग तीन, फार तर पाच दिवसांपुढे ते वापरले की औषधाचा असर ओसरल्यावर वाहिन्या आधीपेक्षा जास्त फुगतात. मग पुन्हा थेंब, पुन्हा सूज. उशीखाली बाटली ठेवून वर्षानुवर्षं झोपणारी माणसं आपल्या भागात कमी नाहीत. त्यांना वाटतं सर्दी जुनी आहे, पण नाक त्या थेंबांनीच बंद पडलेलं असतं. सुटण्याची एक रीत अशी की आधी एकाच नाकपुडीतले थेंब बंद करायचे, ती सुधारली की दुसरीतले. कान-नाक-घशाचे डॉक्टर सोबत स्टेरॉइडचा स्प्रे देतात, त्याने हे दिवस सुसह्य होतात. मोठ्यांचे थेंब बाळाच्या नाकात कधीही टाकू नका. बाळ सुस्तावतं, श्वास आणि ठोके मंदावू शकतात.

तुमच्याबद्दल सांगायचं तर महिनोन्महिने, तेही नेमकं कापसाच्या धुळीत बंद होणारं नाक ही साधी सर्दी नाही. ती ॲलर्जी असण्याची शक्यता जास्त आहे. तिच्यावर उपाय म्हणजे कामावर नाकातोंडाला नीट बसणारा मास्क, घरी आल्यावर सलाइनने नाक धुणं, आणि डॉक्टरांनी लिहून दिला तर फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोन या स्टेरॉइडचा स्प्रे. हा स्प्रे लगेच नाक उघडत नाही. रोज मारावा लागतो, पुरता परिणाम दिसायला काही दिवस ते दोन आठवडे लागतात. दोन दिवसांत काही झालं नाही म्हणून लोक सोडून देतात, तसं करू नका. कामावर दम लागत असेल किंवा छाती आवळत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, कापसाची धूळ फुप्फुसालाही लागते.

गोळ्या सुट्या घेता तेव्हा पट्टी कापताना घटकांची नावं बहुतेकदा दुसऱ्या तुकड्यावर राहतात. ती दुकानदाराला दाखवायला लावा. सर्दीच्या गोळीत पॅरासिटामॉल आहे हे माहीत नसलं की माणूस वरून तापाची गोळीही घेतो आणि मात्रा दुप्पट होते.

भाच्याला मात्र सांगा, येताना ती गोळी आणू नकोस. स्यूडोएफेड्रिनने बीपी वाढतो, धडधड होते, झोप उडते. तुमचा बीपी गोळीने ताब्यात असला तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊ नका.