परीक्षेतलं इंग्रजी झालं, आता वॉर्डातलं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ओईटीत (आरोग्य क्षेत्रातल्यांसाठीच्या इंग्रजी परीक्षेत) चारही भागांत बी ही श्रेणी आहे, इंग्लंडमधल्या सरकारी रुग्णालयाची नर्सच्या बँड ५ या वेतनश्रेणीतली ऑफर हातात आहे, निघायला दोनेक महिने आहेत, तर व्याकरण पुन्हा पहिल्यापासून करावं का?

करू नका. काळांचे तक्ते तुम्हाला येतात, नाहीतर बी आला नसता. अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. मराठीत जिथं एका रूपात भागतं तिथं इंग्रजीत दोन रूपं असतात, आणि वॉर्डात त्यांच्यातला फरक एखाद्या पुसट ऐकू येणाऱ्या सहायक क्रियापदावर टांगलेला असतो. अशा जागा मोजक्या आहेत. तेवढ्या घोटून घ्या. म्हणी आणि वाक्प्रचारांची पुस्तकं मात्र घेऊ नका, त्यात वेळ फुकट जातो.

आधी ‘पासून’. “दोन दिवसांपासून दुखतंय” हे आपल्या तोंडून ‘सिन्स टू डेज’ असं निघतं. सिन्सपुढे सुरुवातीचा क्षण लागतो: सिन्स संडे, सिन्स मिडनाइट. कालावधी असेल तर फॉर: फॉर टू डेज. एवढं शाळेत झालेलं असतं. क्रियापदाचं मात्र राहून जातं. मराठीत वर्तमानकाळ चालतो. इंग्रजीत मागून चालत आलेल्या गोष्टीला ‘हॅव बीन’ लागतंच. ‘आय ॲम हिअर फॉर टू वीक्स’ म्हणालात तर समोरचा समजेल की तुमचा एकूण मुक्कामच दोन आठवड्यांचा आहे. येऊन दोन आठवडे झाले असतील तर ‘आय हॅव बीन हिअर फॉर टू वीक्स’. प्रश्नातही तेच. ‘हाउ लाँग आर यू हिअर फॉर?’ म्हणजे किती दिवस राहणार, आणि ‘हाउ लाँग हॅव यू बीन हिअर?’ म्हणजे येऊन किती दिवस झाले.

‘पर्यंत’चीही तीच गत. ‘द ड्रेसिंग स्टेज ऑन अंटिल फ्रायडे’ म्हणजे शुक्रवार उजाडेपर्यंत पट्टीला हात लावायचा नाही. ‘द फॉर्म नीड्स टू बी इन बाय फ्रायडे’ म्हणजे शुक्रवार ही शेवटची मुदत. मनातल्या मनात “च्या आत” लावून बघा. बसलं तर बाय, नाही बसलं तर अंटिल.

हँडओव्हरमध्ये, म्हणजे पाळी बदलताना पेशंटची माहिती सोपवतात तेव्हा, सगळ्यात जास्त कान द्यायचा तो ‘शीज’ आणि ‘हीज’कडे. हा ‘ज’ कधी ‘इज’चा असतो, कधी ‘हॅज’चा, आणि कुठला ते पुढचा शब्द ठरवतो. ‘शीज हॅड हर अँटिबायोटिक्स’ म्हणजे देऊन झालीत. ‘शीज ड्यू हर अँटिबायोटिक्स’ म्हणजे द्यायची आहेत. भरभर बोलण्यात हॅड आणि ड्यू एवढाच फरक उरतो. औषधाचा तक्ता बघायचाच असतो, पण कानानं आधीच चुकीचं ऐकलं असेल तर डोळेही तेच वाचतात. ‘ड’चंही असंच: ‘ही’ड टेकन इट’मध्ये तो हॅडचा, ‘ही’ड टेक इट’मध्ये वुडचा. पहिल्यात गोळी घेतलेली आहे, दुसऱ्यात घेतली असती किंवा घ्यायचा.

वेळ विचारली की ‘हॅव’ सुटतं. ‘हॅव यू ओपन्ड युअर बाउल्स टुडे?’, म्हणजे आज शौचाला झालं का, हा वॉर्डातला रोजचा प्रश्न. उत्तर “नाही” आलं की पुढचा प्रश्न: ‘व्हेन डिड यू लास्ट ओपन देम?’ व्हेन आलं की डिड. ‘व्हेन हॅव यू’ असं म्हणत नाहीत. या जोडीत शौचाच्या जागी जेवण, वेदनाशामक गोळी, लघवी असं काहीही घालून म्हणत राहा. महिनाभरात जिभेला वळण लागतं.

‘सिक’ या शब्दाशी काळ कुठला आहे ते ब्रिटनमध्ये नीट ऐकावं लागतं. ‘आय फील सिक’ म्हणजे मळमळतंय. ‘आय हॅव बीन सिक’ म्हणजे उलटी झालीय. ‘शी वॉज सिक ट्वाइस इन द नाइट’ म्हणजे रात्री दोनदा उलटी झाली. “रात्रभर आजारी होती” असा त्याचा अर्थ लावून नोंद केलीत तर उलट्यांची नोंद कागदावर येतच नाही. आणि सहकारीण ‘ऑफ सिक’ असेल तर ती आजारपणाच्या रजेवर आहे, तिला उलट्या होताहेत असं नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं: नकारार्थी प्रश्न. मराठीत “काही खाल्लं नाही ना?” असं विचारलं की आपण “हो, नाही खाल्लं” म्हणतो. आपलं “हो” विचारणाऱ्याच्या वाक्याला असतं. इंग्रजीत उत्तर वाक्याला नसतं, घडलेल्या गोष्टीला असतं. ‘यू हॅवन्ट ईटन एनिथिंग, हॅव यू?’ याला नसेल खाल्लं तर ‘नो’च. तिथं ‘येस’ म्हटलं की ऐकणाऱ्याला एक तर “खाल्लंय” असं वाटतं, नाहीतर तो गोंधळतो. सिस्टर ‘यू हॅवन्ट गिव्हन द हेपरिन?’ विचारते आणि तुम्ही मान डोलावून ‘येस’ म्हणता, तेव्हा नेमकं हेच होतं. म्हणून नुसतं येस किंवा नो म्हणायचं नाही. पूर्ण शेपूट लावायची: ‘नो, आय हॅवन्ट’ किंवा ‘येस, आय हॅव’. सहायक क्रियापद आलं की संशयाला जागा राहत नाही.

तुम्ही स्वतः विचारताना नकारार्थी प्रश्न टाळाच, विशेषतः शस्त्रक्रियेआधी. पेशंट आपल्याकडचे वयस्कर आजोबा असले तर त्यांचं ‘येस’ही मराठी किंवा गुजराती पद्धतीचं असू शकतं. ‘व्हेन डिड यू लास्ट हॅव समथिंग टू ईट?’ असं विचारा, मग ‘अँड टू ड्रिंक?’, आणि लगेच ‘व्हॉट वॉज इट?’ साधारणपणे खाण्याला 6 तास आणि पारदर्शक द्रवाला 2 तास धरतात. दुधाचा चहा पारदर्शकात मोडत नाही, आणि तिथला चहा बहुतेक दुधाचाच असतो. ‘ओन्ली अ कप ऑफ टी’ एवढ्यावर समाधान मानू नका.

‘वुड यू माइंड’चं उत्तरही असंच उलटं. शब्दशः प्रश्न “हरकत आहे का?” असा असतो, म्हणून होकारासाठी ‘नॉट ॲट ऑल’. तिथली माणसं ‘येस, शुअर’ही म्हणून जातात, पण ते सुरावर निभावतं. नुसतं कोरडं ‘येस’ कानाला खटकतं.

हुकूम ओळखायला शिका, कारण तो हुकमासारखा दिसत नाही. ‘डू यू वॉन्ट टू डू द ऑब्ज इन बे टू?’ यात तुमची इच्छा कुणी विचारत नाहीये. बे दोनमधल्या, म्हणजे वॉर्डाच्या दुसऱ्या कप्प्यातल्या, पेशंटचं तापमान, नाडी, रक्तदाब, श्वास, ऑक्सिजन वगैरे मोजून न्यूज-२ च्या (तब्येत बिघडत असल्याचा इशारा देणाऱ्या गुणांच्या) तक्त्यावर भरा, असा निरोप आहे. ‘यू माइट वॉन्ट टू चेक दॅट डोस’ हे त्याहून गंभीर. मात्रा चुकलेली दिसतेय, हात थांबवा आणि आत्ता तपासा, असा त्याचा अर्थ. ‘माइट’मुळे तो सल्ला वाटतो, पण नाही. पेशंटशीही असंच बोलतात: ‘इफ यू कुड जस्ट रोल अप युअर स्लीव्ह फॉर मी.’ ‘इफ’नं सुरू झालेलं हे वाक्य इथंच संपतं, पुढच्या भागाची वाट बघू नका.

मागायचं असेल तर भूतकाळ. ‘आय वॉज वंडरिंग इफ यू कुड स्वॉप फ्रायडे विथ मी.’ हे आपल्याला सोपं जावं, “जरा विचारायचं होतं” असं आपणही म्हणतोच. ‘आय वॉन्ट टू स्वॉप’ व्याकरणानं बरोबर आहे, पण रोटाच्या, म्हणजे पाळ्यांच्या वेळापत्रकाच्या, वेळी त्यानं कुणी प्रसन्न होत नाही.

बाकीचं भरभर. शंका विचारताना ‘आय हॅव अ डाउट’ नको. डॉक्टरला वाटतं तुमचा त्यांच्यावर भरवसा नाही. ‘कॅन आय जस्ट चेक समथिंग?’ पुरे. टाके दुसऱ्याकडून काढून घ्यायचे असतील तर ‘आय ॲम गेटिंग माय स्टिचेस आउट’. ‘यू डोन्ट हॅव टू टेक इट’ म्हणजे घेतलंच पाहिजे असं नाही, ‘यू मस्न्ट टेक इट’ म्हणजे घ्यायचं नाही. यात गल्लत नको. ‘हाफ सिक्स’ म्हणजे साडेसहा, साडेपाच नव्हे. ‘कॅन’ वाक्यात आखडून ‘कन’ होतो आणि ‘कान्ट’चा ‘का’ लांबतो. शेवटचा ‘ट’ ऐकू येईल या भरवशावर राहू नका.

सरावासाठी रोज वीस मिनिटं पुरतात. एक काल्पनिक पेशंट घ्या आणि एसबार पद्धतीनं, म्हणजे परिस्थिती, पार्श्वभूमी, मूल्यांकन, शिफारस या क्रमानं, फोनवर रेकॉर्ड करा. मग ऐकताना फक्त सहायक क्रियापदं तपासा: आत्ताची अवस्था ‘इज’मध्ये, मागून चालत आलेली ‘हॅज बीन’मध्ये, ठरलेल्या वेळी घडलेली ‘डिड’ किंवा ‘वॉज’मध्ये, आणि हवं ते ‘कुड यू’मध्ये. उच्चाराकडे त्या वेळी बघू नका, दोन्ही एकदम सुधारत नाहीत.

फोनवर आकडा नीट ऐकू आला नाही तर ‘पार्डन’ एवढ्यावर थांबू नका, समोरचा तोच आकडा तसाच पुन्हा म्हणतो. पर्याय देऊन विचारा: ‘इज दॅट वन-फाइव्ह ऑर फाइव्ह-झिरो?’ आणि उत्तर आलं की तो आकडा एककासकट मोठ्यानं परत म्हणून दाखवा, मगच लिहा.